इ. स. ३९४ : एका लिपीची अखेर आणि एका भाषेचे सातत्य

इसवी सनाचे ३९४ हे वर्ष रोमन साम्राज्याच्या इतिहासात मुख्यतः एका लढाईमुळे ओळखले जाते. ह्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्याच्या ५ व ६ तारखांना, आजच्या स्लोव्हेनियाच्या पश्चिम भागात फ्रिगिडस नदीच्या काठी, पूर्वेचा सम्राट थिओडोसियस आणि पश्चिमेत सम्राटपद धारण केलेला युजीनियस ह्यांची सैन्ये एकमेकांस भिडली. दुसऱ्या दिवशी युजीनियसचा पराभव होऊन त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा सेनापती अर्बोगास्ट ह्याने आत्महत्या केली. आणि काही महिन्यांपुरते का होईना, सारे साम्राज्य एका सम्राटाच्या हाती आले. १७ जानेवारी ३९५ रोजी थिओडोसियस मिलान येथे मरण पावला व त्याच्या दोन पुत्रांत राज्याची वाटणी झाली. त्यानंतर संपूर्ण साम्राज्य पुन्हा कधीही एका हाताखाली आले नाही. इतिहासग्रंथांत ह्या वर्षाला जे स्थान मिळाले आहे, ते ह्या घटनांमुळे.

ह्या लढाईच्या बारा दिवस आधी, त्याच साम्राज्याच्या अगदी दक्षिण टोकास, नाईल नदीतील फिली नावाच्या बेटावर एका पुरोहिताने देवळाच्या द्वारावर एका देवतेची आकृती कोरली आणि तिच्याजवळ काही ओळी लिहिल्या. ह्या कृतीची दखल त्या काळच्या कोणाही इतिहासकाराने घेतलेली नाही. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ३९४ मधील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे विचारल्यास ह्याच ओळींकडे बोट दाखवावे लागेल. कारण प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीतील ज्यांचा काळ निश्चित करता येतो अशा लेखांपैकी हा शेवटचा लेख होय. सुमारे साडेतीन हजार वर्षे वापरात असलेली लेखनपद्धती ह्या ठिकाणी आपल्या दृष्टीआड होते.

लिपी कशी मरते, ह्या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर असे की, भाषा मरते आणि तिच्याबरोबर लिपीही जाते. दुसरे ठरीव उत्तर असे की, राजाज्ञा होते आणि लिपी बंद पडते. फिलीचा लेख ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरवितो. लेखन कोणासाठी केले जाते, म्हणजेच त्याचा वाचक कोण, ह्या तिसऱ्या प्रश्नाकडे तो आपले लक्ष वेधतो. आणि त्याच सुमारास साम्राज्याच्या अन्य भागांत भाषेसंबंधी जे घडत होते, तेही ह्याच प्रश्नाच्या उजेडात अधिक नीट कळते. प्रस्तुत लेखात एवढाच विषय मांडावयाचा आहे.

१. लेख आणि त्याची तिथी

फिली बेटावरील मुख्य देऊळ इसिस देवीचे. त्याच्या पश्चिमेस सम्राट हेड्रियनच्या नावाने ओळखले जाणारे एक द्वार आहे. त्या द्वारावर मांडुलिस ह्या देवाची आकृती कोरलेली आहे. मांडुलिस हा मुळात ईजिप्तच्या दक्षिणेस असलेल्या न्यूबियाचा देव. त्याचे प्रमुख देवालय तालमिस, म्हणजे आजच्या कलाब्शा, येथे होते. आकृती कोरणाऱ्या पुरोहिताचे नाव नेसमेतेराखेम. त्याचा उच्चार एस्मेत-अखोम असाही केला जातो.

लेखाचे दोन भाग आहेत आणि त्या दोन भागांतील कामाची विभागणी मोठी उद्बोधक आहे. पहिला भाग चित्रलिपीत आहे. त्यात देवाचे नाव व बिरुदे, अर्पण करणाऱ्याचे नाव, आणि ‘देवाने उच्चारलेले शब्द’ अशा अर्थाचा पारंपरिक मंत्रारंभ येतो. दुसरा भाग डेमोटिक ह्या शीघ्रलेखनाच्या लिपीत आहे. त्यात पुरोहित स्वतःविषयी बोलतो : आपण इसिसच्या लेखनगृहातील लेखक आहोत, आपला पिता इसिसचा द्वितीय पुरोहित, आपली माता अमुक, देवाची आपल्यावर प्रसन्न दृष्टी आहे म्हणून हे काम आपण सर्वकाळासाठी केले, आणि शेवटी तिथी. म्हणजे जे देवाचे, ते चित्रलिपीत. जे माणसाचे, ते डेमोटिकमध्ये. ईजिप्शियन लोक आपल्या चित्रलिपीस ‘देवाचे शब्द’ असे म्हणत. ते नाव ह्या द्वारावर अक्षरशः खरे झालेले दिसते.

तिथीची नोंद अशी : ऑसिरिसचा जन्मदिवस, वर्ष ११०. ह्या चार शब्दांवरून ३९४ च्या ऑगस्टची २४ तारीख कशी निघते, हे विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहण्यासारखे आहे. ईजिप्शियन वर्ष तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे असून त्याच्या अखेरीस पाच जादा दिवस धरीत, आणि ते पाच दिवस पाच देवतांचे जन्मदिवस मानीत. त्यांतील पहिला ऑसिरिसचा. रोमन काळात स्थिर झालेल्या पंचांगाप्रमाणे नवे वर्ष सामान्यतः २९ ऑगस्ट रोजी सुरू होई. म्हणून जादा दिवस २४ ते २८ ऑगस्ट, व ऑसिरिसचा जन्मदिवस २४ ऑगस्ट. वर्षाचा आकडा डायोक्लेशियन ह्या सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेला आहे. त्या गणनेचे पहिले वर्ष २८४ च्या ऑगस्टअखेरीस सुरू होते. तेव्हा ११० वे वर्ष ३९३ च्या ऑगस्टअखेरीपासून ३९४ च्या २८ ऑगस्टपर्यंत चालते. त्या वर्षाच्या शेवटच्या पाच दिवसांतील पहिला दिवस तो हा.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डायोक्लेशियनने ३०५ मध्ये राज्यत्याग केला होता आणि ३९४ पूर्वी कितीतरी वर्षे तो मरण पावला होता. तरीही फिलीचा पुरोहित त्याचीच वर्षे मोजतो. फिरऔनांच्या काळी तिथी विद्यमान राजाच्या वर्षांनी देत. विद्यमान सम्राट थिओडोसियस हा जुन्या देवांच्या पूजेस मनाई करणारा; त्याच्या नावाने ऑसिरिसचा जन्मदिवस मोजावयाचा तरी कसा ? पुढे ईजिप्तमधील ख्रिस्ती समाजाने हीच गणना डायोक्लेशियनने केलेल्या छळाची आठवण म्हणून ‘हुतात्म्यांचा शक’ ह्या नावाने स्वीकारली, आणि कॉप्टिक चर्चमध्ये ती आजतागायत चालू आहे. एकाच शकाचा एक वापर इसिसच्या पुरोहिताने केला व दुसरा त्याच्या विरोधकांनी. कालगणनेची चौकट तिच्या धारकांच्या श्रद्धेहून किती चिवट असते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

२. राजाज्ञेचे उत्तर

थिओडोसियसच्या नावाने निघालेल्या आज्ञा सुप्रसिद्ध आहेत. ३९१ च्या फेब्रुवारीत रोम नगरीच्या अधिकाऱ्यास व जूनमध्ये ईजिप्तच्या अधिकाऱ्यांस देवळांत जाण्यास व बळी देण्यास बंदी करणाऱ्या आज्ञा पाठविल्या गेल्या. ८ नोव्हेंबर ३९२ च्या आज्ञेने घरगुती पूजेवरही निर्बंध आला. अलेक्झांड्रियातील सेरापिसचे प्रचंड देवालय ह्याच सुमारास उद्ध्वस्त झाले. ३९१, ३९२, ३९४ हा क्रम पाहिला म्हणजे आज्ञा निघाली आणि लिपी संपली असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे.

पहिले कारण असे की, फिली येथे ह्या आज्ञा लागूच झाल्या नाहीत. डायोक्लेशियनने २९८ च्या सुमारास साम्राज्याची दक्षिण सरहद्द मागे घेऊन फिलीच्या परिसरात आणली होती. सरहद्दीपलीकडील ब्लेमी व नोबाडी हे लोक इसिसचे भक्त होते आणि त्यांना दुखविणे रोमन सत्तेस परवडणारे नव्हते. पुढे ४५२-४५३ मध्ये मॅक्सिमिनस ह्या रोमन सेनापतीने त्यांच्याशी जो तह केला, त्यात इसिसच्या देवळात येण्याचा व देवीची मूर्ती काही काळ आपल्या देशी नेण्याचा त्यांचा हक्क मान्य केलेला होता, असे त्या काळचा इतिहासकार प्रिस्कस सांगतो. फिलीचे देऊळ खऱ्या अर्थाने बंद झाले ते सहाव्या शतकात, सुमारे ५३५ ते ५३७ ह्या काळात, सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने. म्हणजे चित्रलिपीतील शेवटच्या लेखानंतर सुमारे १४० वर्षे हे देऊळ चालू होते. त्यातील डेमोटिक लेखन ४५२ च्या डिसेंबरपर्यंत दिसते, आणि ४५६-४५७ मध्ये येथील एका पुरोहिताने आपली नोंद ग्रीक भाषेत केलेली आढळते. देऊळ चालू, देवी तीच, पुरोहितवर्ग तोच. परंतु लिपी मात्र एकामागून एक गळत गेल्या.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चित्रलिपीची उतरण थिओडोसियसच्या कितीतरी आधी सुरू झालेली होती. इ. स. पूर्वी ३० मध्ये ईजिप्त रोमच्या ताब्यात गेला. त्यानंतर राज्यकारभाराची भाषा ग्रीक राहिली, आणि करारपत्रांना न्यायालयात किंमत हवी असेल तर ग्रीक मजकूर व ग्रीक नोंदणी आवश्यक झाली. परिणामी डेमोटिक करारपत्रे पहिल्या शतकात झपाट्याने विरळ झाली. लिहिणाऱ्यास पोट भरण्याचे जे साधन होते तेच गेले. देवळांच्या उत्पन्नावर सरकारची देखरेख आली व तिसऱ्या शतकात राजाश्रय जवळजवळ आटला. एस्ना येथील देवळाच्या भिंतीवर सम्राट डेसियस (२४९-२५१) ह्याचे नाव चित्रलिपीत कोरलेले आहे; त्यानंतर सम्राटांची नावे क्वचितच आढळतात. अर्मंत येथील पवित्र वृषभाच्या समाधीवरील ३४० मधील शिला आणि ३९४ मधील फिलीचा लेख ह्यांच्या दरम्यान जवळजवळ शून्यता आहे. तेव्हा आज्ञेने लिपी मारली असे म्हणण्यापेक्षा, जी लिपी एका बेटावर एका पुरोहितकुळापुरती उरली होती तिच्या काळी ही आज्ञा निघाली, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

३. भाषेचे उत्तर

आता दुसरे ठरीव उत्तर पाहू : भाषा मेली म्हणून लिपी मेली काय ? मुळीच नाही. ३९४ मध्ये नाईलच्या काठी शेतकरी, कोळी, भिक्षू ईजिप्शियन भाषाच बोलत होते. इतकेच नव्हे, तर त्याच वेळी त्या भाषेतील साहित्यास नवा बहर येत होता. दक्षिण-ईजिप्तमधील सोहागनजीकच्या ‘श्वेत मठा’चा प्रमुख शेनूते हा ह्याच दशकांत आपली प्रवचने व पत्रे ईजिप्शियन भाषेत लिहीत होता आणि त्याच्या लेखनाने त्या भाषेच्या गद्यास एक वळण दिले. मात्र ही भाषा ज्या अक्षरांत लिहिली जात होती ती अक्षरे ग्रीक होती. त्यांत ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी डेमोटिकमधून घेतलेली, बोलीपरत्वे सहा-सात, जादा चिन्हे मिसळलेली होती. ह्यासच आपण कॉप्टिक म्हणतो. कॉप्टिक ही निराळी भाषा नव्हे. ती फिरऔनांच्या भाषेची उत्तरावस्था होय. बोलभाषा म्हणून तिचा वापर मध्ययुगानंतर लोपला, तरी ईजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ती अद्याप ऐकू येते.

लिपी आणि भाषा ह्या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे तत्त्व मराठी विद्यार्थ्यास निराळे पटवून द्यावयास नको. मोडी प्रचारातून गेली. मराठी गेली नाही. ईजिप्तमधील स्थित्यंतर मात्र ह्याहून खोल होते, कारण तेथे बदलली ती केवळ अक्षरांची वळणे नव्हेत. बदलले ते लेखनाचे तत्त्वच.

चित्रलिपी हे नाव थोडे फसवे आहे. तिच्यातील चिन्हे चित्ररूप असली तरी त्यांतील बरीचशी ध्वनिवाचक आहेत. काही एक व्यंजन, काही दोन, काही तीन व्यंजने दाखवितात, तर काही केवळ शब्दाचा अर्थवर्ग सुचवितात. स्वर मात्र ती दाखवीत नाही. प्राचीन अभिजात काळात सर्वसाधारण वापरातील चिन्हांची संख्या सातशे-आठशेंच्या घरात होती. ग्रीक व रोमन राजवटींत, जेव्हा ही लिपी देवळाच्या भिंतींपुरती उरली, तेव्हा तिची चिन्हे कमी न होता काही हजारांपर्यंत वाढली. पुरोहित श्लेष, सांकेतिक पर्याय व नवनवी रूपे योजू लागले. वाचक जितके कमी झाले तितकी लिपी अधिक दुर्बोध झाली, आणि ती जितकी दुर्बोध झाली तितके वाचक आणखी कमी झाले. व्यवहारातील लिपी वापराने सोपी होत जाते, कारण तिला अनोळखी वाचकापर्यंत पोहोचावयाचे असते. ज्या लिपीचा वाचक फक्त सहाध्यायी पुरोहित व देव, तिच्यावर असा दाब राहत नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट अशी की, ईजिप्शियन भाषा ग्रीक अक्षरांत लिहिण्याचे आरंभीचे प्रयोग ख्रिस्ती भिक्षूंनी नव्हे, तर जुन्या धर्माच्या वर्तुळातच झाले. मंत्रसामर्थ्य उच्चारावर अवलंबून असते, अशी त्यांची श्रद्धा होती. स्वर न दाखविणाऱ्या लिपीत मंत्र लिहिला तर त्याचा उच्चार पुढील पिढीस कसा कळणार ? म्हणून तिसऱ्या शतकातील डेमोटिक मंत्रग्रंथांत कठीण शब्दांच्या डोक्यावर ग्रीक अक्षरांत उच्चार लिहून ठेवलेले आढळतात. जुन्या विद्येचे रक्षण करण्यासाठी जो पूल बांधला गेला, त्याच पुलावरून भाषा पलीकडे निघून गेली आणि जुनी लिपी अलीकडे राहिली.

४. त्याच वर्षी अन्यत्र

आता साम्राज्याच्या इतर भागांकडे वळू. लेखन कोणासाठी, हा प्रश्न ३९४ च्या आगेमागे आणखी तीन ठिकाणी निरनिराळ्या रूपांत विचारला जात होता. ह्या तिन्ही प्रसंगांत उत्तर देणारी माणसे आपल्या वाचकास ओळखून भाषा निवडतात, आणि म्हणूनच फिलीच्या लेखाशी त्यांची तुलना करणे उपयुक्त आहे.

पहिले ठिकाण उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगर. तेथे ऑगस्टीन हा अद्याप बिशप झालेला नव्हता; ३९१ पासून तो साधा धर्मोपदेशक होता. डोनाटस-पंथीयांशी चाललेल्या वादात सामान्य, निरक्षर श्रोत्यांस आपली बाजू तोंडपाठ व्हावी म्हणून त्याने ३९३-३९४ च्या सुमारास एक दीर्घ गीत रचले. त्याची कडवी वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात, धुवपद पुनःपुन्हा येते, आणि ओळींचा शेवट एकाच स्वराने होतो. लक्षणीय बाब अशी की, ऱ्हस्वदीर्घ मात्रांवर आधारलेले अभिजात लॅटिन छंद त्याने बुद्ध्या टाळले. छंदाच्या सक्तीमुळे लोकांच्या परिचयाचा नसलेला एखादा शब्द वापरावा लागू नये, हे कारण त्याने उत्तरायुष्यात स्वतः नोंदविले आहे. वक्तृत्वशास्त्राचा एकेकाळचा हा अध्यापक छंदशास्त्र जाणत नव्हता असे नव्हे. त्याच्या श्रोत्यांच्या कानांतून ऱ्हस्वदीर्घाचा भेद निघून गेला होता, आणि त्याने श्रोत्यांच्या कानास प्रमाण मानले. लॅटिनपासून पुढे ज्या भाषा निघाल्या त्यांच्या ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यास हे गीत म्हणजे एक मौल्यवान साक्षच आहे.

दुसरे ठिकाण पॅलेस्टाइनमधील बेथलेहेम. सायप्रसचा बिशप एपिफेनियस ह्याने जेरुसलेमच्या बिशपास ३९४ मध्ये ग्रीक भाषेत एक वादग्रस्त पत्र लिहिले. बेथलेहेमच्या मठातील एका व्यक्तीस ग्रीक येत नसल्यामुळे जेरोमने त्या पत्राचे लॅटिन भाषांतर घाईने, केवळ खाजगी वापरासाठी, करून दिले. ते भाषांतर मठाबाहेर फुटले आणि जेरोमने मूळ मजकुरात फेरफार केला, असा आरोप झाला. त्याला उत्तर म्हणून जेरोमने थोड्याच काळाने भाषांतराच्या उत्तम पद्धतीविषयी जे पत्र लिहिले, ते भाषांतरशास्त्राच्या इतिहासातील एक आधारभूत लेखन ठरले आहे. शब्दास शब्द ठेवण्यापेक्षा अर्थास अर्थ द्यावा, असा त्याचा पक्ष. मात्र पवित्र ग्रंथांत शब्दांचा क्रमही गूढ असल्याने तेथे अपवाद करावा, असे तो म्हणतो. ह्या अपवादाचे महत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने फार आहे. मनुष्यास उद्देशून लिहिलेल्या मजकुरात अर्थ पोहोचणे हे प्रमाण. देवाच्या शब्दांत मात्र शब्दच प्रमाण. फिलीच्या द्वारावर दोन लिप्यांनी जी विभागणी केली होती, तीच विभागणी येथे भाषांतराच्या दोन नियमांनी केली आहे. दोन परस्परविरोधी धर्मांच्या दोन विद्वानांनी, एकमेकांची वार्ताही नसताना, भाषेकडे पाहण्याचा हा समान दृष्टिकोन बाळगावा, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब होय.

तिसरे ठिकाण रोम. क्लॉडियन नावाचा एक तरुण कवी ह्या सुमारास ईजिप्तमधून रोममध्ये आला. तो मूळचा अलेक्झांड्रियाचा. त्याची साहित्यिक भाषा ग्रीक. परंतु ३९५ च्या जानेवारीत अनिशियस कुळातील दोन तरुण बंधू रोमचे कॉन्सल झाले, तेव्हा त्यांच्या गौरवार्थ क्लॉडियनने जे काव्य म्हटले ते लॅटिनमध्ये होते. आणि त्यात नुकत्याच झालेल्या फ्रिगिडसच्या विजयाचे वर्णन आहे. पुढील दहाएक वर्षांत तो पश्चिमेच्या दरबाराचा प्रमुख कवी झाला, आणि अभिजात परंपरेतील अखेरच्या मोठ्या लॅटिन कवींत त्याची गणना होते. आश्रयदाता बदलला, श्रोता बदलला, म्हणून भाषा बदलली. ज्या ईजिप्तमध्ये नेसमेतेराखेम आपली ओळ कोरीत होता, त्याच ईजिप्तच्या दुसऱ्या टोकाकडून आलेल्या माणसाचा हा निर्णय आहे.

ह्या तीन प्रसंगांच्या जोडीस कॉन्स्टँटिनोपलमधील एक स्तंभ ठेवला म्हणजे चित्र पुरे होते. थिओडोसियसने ३९० मध्ये तेथील रथशर्यतीच्या मैदानात फिरऔन तिसरा थुत्मोस ह्याचा एक कोरीव स्तंभ उभा केला. स्तंभ कसा उभारला ह्याची हकीकत त्याच्या बैठकीवर एका बाजूस लॅटिनमध्ये व दुसऱ्या बाजूस ग्रीकमध्ये कोरलेली आहे. लॅटिन लेख हे काम तीस दिवसांत झाल्याचे सांगतो. ग्रीक लेख बत्तीस दिवस म्हणतो. वर स्तंभावर मात्र चित्रलिपीतील भव्य ओळी आहेत, आणि खाली बसलेल्या सहस्रावधी प्रेक्षकांच्या लेखी त्या केवळ नक्षी होत्या. राजधानीत चित्रलिपी शोभेची वस्तू झाली होती. फिली येथे ती अद्याप लिहिली जात होती. परंतु दोन्ही ठिकाणी तिला वाचणारा मनुष्य जवळजवळ उरला नव्हता.

५. ‘अखेर’ ह्या शब्दाविषयी

३९४ ह्या वर्षास ‘अखेरीचे वर्ष’ ठरविण्याची प्रवृत्ती लढाईच्या बाबतीतही दिसते. फ्रिगिडसची लढाई म्हणजे जुन्या देवांचा अखेरचा लढा, असे चित्र पुष्कळ ग्रंथांत रंगविलेले आढळते. वस्तुतः युजीनियस हा स्वतः ख्रिस्ती होता. सम्राट होण्यापूर्वी तो लॅटिन व्याकरण व वक्तृत्व शिकवीत असे. त्याच्या पक्षास मिळालेल्या निकोमाकस फ्लेव्हियानस ह्या उमरावाची जुन्या धर्मावर निष्ठा होती व पराभवानंतर त्याने आत्महत्या केली, हे खरे. परंतु लढाईची आपल्याला उपलब्ध असलेली वर्णने बहुतांशी विजयी पक्षाच्या धर्मलेखकांची आहेत, आणि दुसऱ्या दिवशी शत्रूच्या तोंडावर सुटलेला सोसाट्याचा वारा त्यांनी दैवी कौल म्हणून मांडला. अलीकडील संशोधकांनी, विशेषतः अॅलन कॅमेरन ह्यांनी २०११ मधील आपल्या ग्रंथात, ह्या लढाईस धर्मयुद्धाचे रूप नंतर दिले गेले, असे साधार प्रतिपादन केले आहे.

फिलीच्या लेखासही हीच सावधगिरी लागू आहे. तो ‘शेवटचा लेख’ नव्हे, तर ‘ज्ञात व तिथियुक्त लेखांपैकी शेवटचा’ होय. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी कोणी दुसऱ्या भिंतीवर चार चिन्हे कोरली नसतील, असे म्हणता येत नाही. नेसमेतेराखेमला आपण शेवटचे आहोत ह्याची कल्पना नव्हती. त्याने तर आपले काम सर्वकाळासाठी केल्याचे लिहिले आहे. अखेर ही घटना नसते. ती मागाहून आलेल्या अभ्यासकाने केलेली नोंद असते.

परंतु त्या नोंदीमागील तोटा खरा होता. पाचव्या शतकातील होरापोलो ह्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात चित्रचिन्हांचे अर्थ सांगितले आहेत. त्यांतील काही अर्थ बरोबर असूनही त्यांची कारणे काल्पनिक, रूपकात्मक आहेत. चिन्हांस ध्वनी असतो, ही गोष्टच विसरली गेली होती. ह्या ग्रंथाची एक प्रत १४१९ मध्ये युरोपीय विद्वानांच्या हाती आली आणि पुढील चारशे वर्षे त्याने बहुतेकांस चकविले. ज्या लिपीचा वाचक गेला, तिच्याविषयी कोणी काहीही सांगावे व इतरांनी ते मानावे, अशी ही अवस्था.

ह्या अवस्थेतून सुटका झाली ती भाषा उरली होती म्हणून. शांपोलियाँ ह्याने २७ सप्टेंबर १८२२ रोजीच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात जो उलगडा मांडला, त्यास रोझेटा येथील शिलेइतकाच आधार त्याच्या कॉप्टिकच्या ज्ञानाचा होता. चिन्हांचे ध्वनी कळले तरी त्या ध्वनींनी बनलेल्या शब्दांचे अर्थ कॉप्टिकवाचून कळले नसते. शिवाय रोझेटाच्या शिलेवरील चित्रलिपीच्या भागात टॉलेमी हे एकच राजनाम टिकून राहिले होते. पडताळा पाहण्यासाठी जे दुसरे नाव हवे होते, ते क्लिओपात्राचे नाव, विल्यम बँक्स ह्याने इंग्लंडला नेलेल्या एका स्तंभावर मिळाले. दोन्ही नावांत समान असलेले प, ल, ओ हे ध्वनी त्यामुळे निश्चित करता आले. तो स्तंभ मूळचा फिलीचा. ज्या बेटावर ही लिपी शेवटची लिहिली गेली, त्याच बेटावरील दगडाने ती पुन्हा वाचावयास मदत केली.

भारतीय विद्यार्थ्यांनी ह्याच्या शेजारी ब्राह्मीची कथा ठेवून पाहावी. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणले तेव्हा त्यांवरील अक्षरे कोणासही वाचता आली नाहीत. १८३७ मध्ये प्रिन्सेपने ती वाचली; आणि अक्षरे लागताच मजकूर बराचसा उमगला, कारण प्राकृत व पाली ह्या भाषांची परंपरा खंडित झालेली नव्हती. तेथेही लिपी गेली होती, भाषा राहिली होती, आणि म्हणून लिपी परत मिळाली.

ह्या विवेचनातून जो बोध निघतो तो आपल्या कार्यपद्धतीसंबंधी आहे. एखादी लेखनपद्धती जिवंत आहे किंवा नाही हे ठरविताना आपण तिचे लेखक मोजतो, तिच्यातील लेख मोजतो, तिच्या भाषेचे बोलणारे मोजतो. फिलीचा लेख सांगतो की, ह्या तिन्ही मोजण्या पुरेशा नाहीत. ३९४ मध्ये लेखक होता, लेख झाला, भाषा लक्षावधी मुखांत होती. नव्हता तो अनोळखी वाचक. लिपी टिकते ती लिहिणाऱ्याच्या निष्ठेवर नव्हे, तर ज्यास आपण ओळखत नाही अशा कोणीतरी ती वाचील ह्या अपेक्षेवर, आणि ती अपेक्षा पुरी करणाऱ्या शाळेवर. म्हणून कोणत्याही क्षीण होत चाललेल्या लिपीची पाहणी करताना पहिला प्रश्न हा असावा की, तिच्यातील मजकूर लिहिणाऱ्याच्या कुळाबाहेरचा कोणी वाचू शकतो काय. आणि उत्तर नकारार्थी आले, तर मजकुरांच्या प्रती करण्याआधी वाचनाची रीत व उच्चार नोंदून घ्यावेत.

आस्वानच्या धरणांमुळे फिली बेट पाण्याखाली जाऊ लागले, तेव्हा त्यावरील देवळे दगड दगड सुटा करून जवळच्या अगिल्किया बेटावर हलविण्यात आली. हे काम १९८० मध्ये पूर्ण झाले. हेड्रियनचे द्वारही तेथे नेले गेले. त्यावरील मांडुलिसची आकृती आणि तिच्याजवळच्या ओळी आता तेथे आहेत, आणि त्या वाचू शकणारी माणसे आज जगातील अनेक विद्यापीठांत आहेत.